‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ : अमेरिकेतील कॅथलिक शाळांच्या गौरवाचे संसदीय ठराव

प्रास्ताविक

महाराष्ट्रात ‘शासन निर्णय’ हा शब्द उच्चारताच शिक्षकवर्गाच्या मनात काय उभे राहते हे वेगळे सांगावयास नको. वेतनश्रेणी, अनुदानाचा टप्पा, तुकडीची विद्यार्थिसंख्या, कार्यभाराचे तास यांपैकी कोणतीही गोष्ट शासन निर्णयाच्या एका परिच्छेदाने बदलू शकते. ‘जी.आर.’ या रूढ संक्षेपातील दुसरे अक्षर ‘रेझोल्यूशन’चे आहे. हाच शब्द अमेरिकी संसदेच्या कामकाजात वेगळ्या अर्थाने वावरतो. तेथील प्रतिनिधिगृहाचा किंवा सिनेटचा साधा ठराव कोणास बांधत नाही, एक डॉलरही खर्च करीत नाही, राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीसाठी जात नाही आणि दुसऱ्या सभागृहापुढेही ठेवला जात नाही. त्या सभागृहास त्या दिवशी काय वाटले एवढेच तो नोंदवितो.

अशाच स्वरूपाचा एक ठराव कॅथलिक शाळांसंबंधी गेली अनेक वर्षे जानेवारीच्या अखेरीस मांडला जात आला आहे. निमित्त असते ‘कॅथलिक शाळा सप्ताहा’चे. हा सप्ताह १९७४ पासून साजरा होतो आणि त्याचे आयोजन राष्ट्रीय कॅथलिक शैक्षणिक संघटना व अमेरिकी बिशपांची परिषद संयुक्तपणे करतात. ठराव मांडला जातो, क्वचित चर्चा होते, कोणीही विरोध करीत नाही आणि विषय संपतो. संसदीय इतिहासाच्या अभ्यासकांनी अशा कागदांकडे सहसा औपचारिकता म्हणूनच पाहिले आहे. प्रस्तुत लेखकाचे मत काहीसे वेगळे आहे. ज्या सभागृहाने १८७६ मध्ये याच शाळांना सार्वजनिक पैसा कधीही मिळू नये यासाठी घटनादुरुस्ती प्रचंड बहुमताने संमत केली, तेच सभागृह सव्वाशे वर्षांनी त्या शाळांचा गौरव बिनविरोध करते. या दोन मतदानांमध्ये काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्या ठरावाची भाषा बारकाईने वाचल्यास दिसू लागते.

ठरावाची घडण

आपल्याकडील जुन्या नोटिसा व अधिसूचना ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ हा साचा परिचित आहे. अमेरिकी ठरावाचा साचाही असाच आहे. आरंभी एकामागून एक ‘ज्याअर्थी’ येतात. त्यांत कारणे सांगितलेली असतात. शेवटी ‘त्याअर्थी’ येते आणि सभागृह काय ठरविते ते एकदोन कलमांत सांगितले जाते.

२००० ते २०१० या दशकातील ठरावांचा मजकूर वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही, आकडे तेवढे अद्ययावत होतात. कॅथलिक शाळांची शैक्षणिक गुणवत्ता सर्वत्र मान्य आहे, त्या केवळ पुस्तकी शिक्षण न देता नैतिक, बौद्धिक, शारीरिक व सामाजिक मूल्ये रुजवितात, त्यांत इतके लाख विद्यार्थी आहेत, एका शिक्षकामागे इतके विद्यार्थी आहेत, इतके टक्के विद्यार्थी वांशिक अल्पसंख्याक समाजांतील आहेत, इतके टक्के मुळात कॅथलिकच नाहीत, अशी ही मालिका असते. या मालिकेत एक ‘ज्याअर्थी’ मात्र वेगळा उठून दिसतो. बिशपांनी १९७२ साली शिक्षणावर जे पत्र काढले त्यातील एक उतारा सभागृह जसाच्या तसा आपल्या ठरावात घेते. ज्या देशात धर्मसंस्था व शासन यांच्यामधील ‘भिंत’ हा शब्द न्यायालयांत शेकडो वेळा उच्चारला गेला, तेथे धर्मगुरूंचे पत्र संसदेच्या दस्तऐवजात कारण म्हणून नोंदविले जाते, ही लहान गोष्ट नव्हे. ‘त्याअर्थी’मध्ये मात्र हा आवाज एकदम खाली येतो. सभागृह सप्ताहाच्या ‘उद्दिष्टांना पाठिंबा’ देते आणि शाळा, विद्यार्थी, पालक व शिक्षक यांचे अभिनंदन करते. याहून अधिक काही नाही.

‘उद्दिष्टांना पाठिंबा’ ही जरा आडवळणाची शब्दयोजना का, असा प्रश्न पडतो. उत्तर सभागृहाच्या नियमांत आहे. १९८० च्या दशकात अमुक दिवस, तमुक सप्ताह साजरा करण्याचे प्रस्ताव इतके वाढले होते की संमत कायद्यांतील लक्षणीय वाटा त्यांचाच असे. १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाने नियमच केला की विशिष्ट कालावधी घोषित करून स्मरण वा गौरव करणारा प्रस्ताव मांडता येणार नाही. सभासदांनी त्यातून वाट काढली. सप्ताह घोषित करावयाचा नाही, दुसऱ्या कोणी घोषित केलेल्या सप्ताहाच्या उद्दिष्टांना पाठिंबा द्यावयाचा. नियमही पाळला गेला आणि मतदारसंघातील शाळांना पाठविण्यास एक छापील कागदही हाती आला. हे ठराव बहुधा ‘नियम स्थगित’ करून घेतले जात. या पद्धतीत चर्चेस चाळीस मिनिटे मिळतात, दुरुस्ती सुचविता येत नाही आणि दोनतृतीयांश मते लागतात. वाद होणार नाही अशाच विषयांसाठी ही पद्धत आहे. अनेक वर्षे हा ठराव मांडणारे इलिनॉयचे डेमोक्रॅट सदस्य डॅन लिपिन्स्की (सदस्यत्व २००५ ते २०२१) स्वतः कॅथलिक शाळेत शिकलेले होते. तथापि सहपुरस्कर्ते दोन्ही पक्षांतून मिळत. २०११ मध्ये बहुमतात आलेल्या रिपब्लिकन पक्षाने अभिनंदनपर ठराव या पद्धतीने सभागृहापुढे आणण्यावरच निर्बंध घातले. तेव्हापासून या ठरावाची वाटचाल बहुतेक वेळा मांडणी आणि समितीकडे रवानगी येथेच थांबू लागली. सिनेटमध्ये वेगळी सोय आहे. तेथे कोणी आक्षेप न घेतल्यास मतदानाशिवाय असे ठराव संमत होतात, आणि झालेही आहेत.

१८७६ चे सभागृह

ठरावातील ‘ज्याअर्थी’ची यादी लांब आहे, परंतु तीत इतिहास नाही. कॅथलिक शाळा अमेरिकेत स्वतंत्रपणे का उभ्या राहिल्या याबद्दल एक शब्दही नाही. त्याचे कारण उघड आहे. तो इतिहास सांगू गेल्यास अभिनंदन करणाऱ्यालाच अडचणीत टाकणारा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या राहिलेल्या तेथील सार्वजनिक शाळा नावाने निधर्मी, परंतु वळणाने प्रोटेस्टंट होत्या. वर्गात किंग जेम्स बायबलचे वाचन होई, प्रोटेस्टंट प्रार्थना होत. आयर्लंड व जर्मनीतून येणाऱ्या कॅथलिकांना हे मान्य नव्हते. न्यूयॉर्कमध्ये बिशप जॉन ह्यूज यांनी १८४० पासून कॅथलिक शाळांना सार्वजनिक निधीचा वाटा मिळावा म्हणून लढा दिला. १८४२ च्या कायद्याने पंथीय शिकवण देणाऱ्या कोणत्याही शाळेला पैसा मिळणार नाही असे ठरले आणि ह्यूज यांनी स्वतःच्या शाळा उभारण्याकडे मोर्चा वळविला. फिलाडेल्फियात बिशप केन्रिक यांची मागणी त्याहून मर्यादित होती. कॅथलिक मुलांना त्यांच्या पंथाचे बायबल वाचू द्यावे एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यावरून वातावरण तापत गेले आणि मे १८४४ मध्ये दंगली उसळल्या. सेंट मायकल व सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चे जाळण्यात आली, अनेक जण मृत्युमुखी पडले, आणि जुलैमध्ये शहराच्या दक्षिण भागात पुन्हा रक्तपात झाला. याच फिलाडेल्फियात १८५२ मध्ये बिशप झालेल्या जॉन न्यूमन यांनी धर्मप्रांतातील शाळा एका व्यवस्थेखाली आणल्या. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथील तिसऱ्या परिषदेने प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत धर्मग्रामाची शाळा असावी असा आदेश काढला. अर्थातच तो सर्वत्र पाळला गेला नाही. परंतु स्थलांतरितांच्या वर्गण्यांवर आणि धर्मभगिनींच्या जवळजवळ बिनपगारी श्रमांवर शाळांचे एक प्रचंड जाळे उभे राहिले.

या पार्श्वभूमीवर १८७५ चा सप्टेंबर महिना येतो. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी डी मॉइन येथे माजी सैनिकांपुढे भाषण करताना पंथीय शाळांना एक डॉलरही देऊ नये असे बजावले, आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसकडे तशी घटनादुरुस्ती मागितली. एका आठवड्यात प्रतिनिधी जेम्स ब्लेन यांनी प्रस्ताव मांडला. ब्लेन यांची आई कॅथलिक होती आणि आतेमामे भावंडांत एक प्रसिद्ध धर्मभगिनी होती, हे त्यांच्या चरित्रातील एक विचित्र वळण. पुढील वर्षीच्या अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ४ ऑगस्ट १८७६ रोजी प्रतिनिधिगृहाने हा प्रस्ताव १८० विरुद्ध ७ मतांनी संमत केला. दहा दिवसांनी सिनेटमध्ये २८ विरुद्ध १६ मते पडली आणि दोनतृतीयांश बहुमत थोडक्यात हुकले.

केंद्रात दुरुस्ती पडली तरी तिचा आशय राज्यांच्या घटनांमध्ये पसरला. १८८९ च्या कायद्याने मोंटाना, वॉशिंग्टन व दोन्ही डकोटा यांना संघराज्यात प्रवेश देताना पंथीय नियंत्रणापासून मुक्त सार्वजनिक शाळांची अट घालण्यात आली. आज तीसहून अधिक राज्यांत अशी निधिबंदीची कलमे आहेत आणि त्यांना सरसकट ‘ब्लेन कलमे’ म्हटले जाते. हे नाव सैल आहे. इलिनॉयचे कलम १८७० चे, म्हणजे ब्लेन यांच्या प्रस्तावाच्या पाच वर्षे आधीचे आहे, आणि अशा प्रत्येक कलमामागे केवळ कॅथलिकद्वेष होता असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडे जाणारे ठरेल. सार्वजनिक पैसा कोणत्याही पंथाकडे जाऊ नये अशी प्रामाणिक धारणा असलेले लोक तेव्हाही होते. तथापि त्या काळच्या राजकीय भाषेत ‘पंथीय’ या शब्दाचा रोख कोणावर होता याविषयी ऐकणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती.

निधी नाकारणे ही एक पायरी झाली, शाळाच नष्ट करणे ही दुसरी. नोव्हेंबर १९२२ मध्ये ऑरेगॉन राज्याच्या मतदारांनी सुमारे १,१५,००० विरुद्ध १,०३,००० मतांनी असा कायदा संमत केला की आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सार्वजनिक शाळेतच गेले पाहिजे. कू क्लक्स क्लॅनने या मोहिमेत उघडपणे भाग घेतला होता. कायदा अमलात येण्यापूर्वीच होली नेम्सच्या धर्मभगिनींची संस्था न्यायालयात गेली. सोबत एक लष्करी पद्धतीची खासगी शाळाही होती. १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की मुलांना कोणत्या शाळेत घालावयाचे हे ठरविण्याच्या पालकांच्या स्वातंत्र्यावर शासन असे आक्रमण करू शकत नाही. कॅथलिक शाळांना जगण्याचा हक्क मिळाला तो या निकालाने. पैशाचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला.

शाळा कमी होत असताना

गौरवाचे ठराव कोणत्या काळात आले हे लक्षात घेणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील कॅथलिक शाळांची संख्या सुमारे १३,००० आणि विद्यार्थिसंख्या ५२ लाखांहून अधिक होती. याच काळात संसदेत खरी लढाई चालू होती. १९४९ च्या शिक्षण-साहाय्य विधेयकावरून न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन आणि एलिनॉर रूझवेल्ट यांच्यात जाहीर कटुता निर्माण झाली होती. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे सांगावे लागले की कोणत्याही चर्चला वा त्याच्या शाळेला सार्वजनिक पैसा मिळू नये असेच आपले मत आहे. निवडून आल्यावर त्यांनी १९६१ मध्ये आणलेल्या विधेयकातून कॅथलिक शाळा वगळल्या होत्या. नियम समितीत ते विधेयक ८ विरुद्ध ७ मतांनी अडले. निर्णायक मत न्यूयॉर्कच्या जेम्स डिलेनी या कॅथलिक डेमोक्रॅटाचे होते. एका मताने एका राष्ट्राध्यक्षाचा शिक्षणविषयक कार्यक्रम थांबतो, तेव्हा त्या मताला वजन होते असेच म्हटले पाहिजे. त्या काळात कोणी कॅथलिक शाळांच्या अभिनंदनाचा बिनविरोध ठराव मांडू शकला असता असे वाटत नाही. विषय जिवंत होता, म्हणूनच तो वादग्रस्त होता.

१९६५ च्या शिक्षण कायद्याने मध्यममार्ग काढला. साहाय्य शाळेला नव्हे तर गरजू मुलाला, मग ते कोणत्याही शाळेतील असो. न्यायालयेही याच धाग्याने चालली होती. १९४७ च्या निकालाने मुलांचा शाळेत जाण्यायेण्याचा बसखर्च ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरला, १९६८ मध्ये पाठ्यपुस्तके उसनी देणे वैध ठरले. शिक्षकांच्या वेतनाला हात घातला जाताच मात्र १९७१ मध्ये ‘लेमन’ खटल्यात न्यायालयाने पेन्सिल्व्हेनिया व ऱ्होड आयलंड यांचे कायदे रद्द केले. आणि वेतन हाच तर आता कळीचा प्रश्न झाला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मभगिनींची संख्या झपाट्याने घटली. पूर्वी जवळजवळ विनावेतन शिकविणाऱ्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, शुल्क वाढले, कॅथलिक मध्यमवर्ग उपनगरांत गेला, आणि शहरांतील धर्मग्रामांच्या शाळा एकेक करून बंद होऊ लागल्या. १९९० च्या सुमारास विद्यार्थिसंख्या २५ लाखांवर आली. २०२०–२१ या महामारीच्या वर्षात ती एका वर्षात सहा टक्क्यांहून अधिक घसरून सुमारे १६ लाख झाली. शाळा ६,००० च्या खाली गेल्या.

कॅथलिक शाळा सप्ताह १९७४ चा आहे, म्हणजे ‘लेमन’ निकालानंतर तीन वर्षांनी सुरू झालेला. दोहोंत थेट कार्यकारणभाव जोडणे योग्य होणार नाही. परंतु ज्या दशकात वेतनाचे दार बंद झाले त्याच दशकात स्वतःच्या शाळांचे महत्त्व लोकांना सांगण्यासाठी एक सप्ताह सुरू करावा असे वाटले, यात आश्चर्य नाही. संसदेचे गौरवाचे ठराव त्याहून नंतरचे. पट पन्नास लाखांचा असताना या शाळा संसदेच्या दृष्टीने एक प्रश्न होत्या. पट वीस-बावीस लाखांवर आल्यावर त्या वारसा झाल्या. जे भय वाटण्याजोगे राहिले नाही त्याचे कौतुक करणे सोपे असते, हे आपल्याकडील संस्थानिकांच्या किंवा गिरणगावाच्या कौतुकावरूनही ओळखता येईल.

फिलाडेल्फियाचा दाखला येथे पुन्हा आठवतो. जानेवारी २०१२ च्या आरंभी तेथील महाधर्मप्रांताच्या समितीने चार उच्च माध्यमिक आणि चाळीसहून अधिक प्राथमिक शाळा बंद करण्याची किंवा विलीन करण्याची शिफारस जाहीर केली. त्याच महिन्याच्या अखेरीस नेहमीप्रमाणे सप्ताह आला. त्या चार उच्च माध्यमिक शाळा फेब्रुवारीत वाचल्या त्या देणगीदारांच्या धडपडीने. प्राथमिक शाळांपैकी काहींना अपिलात जीवदान मिळाले, अनेक बंद झाल्या. संसदेच्या कोणत्याही ठरावाचा या हिशेबात संबंध आला नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

शब्दांचे वजन

मग अशा ठरावांना काहीच अर्थ नाही काय? असा निष्कर्ष घाईचा होईल. या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते, आणि ते स्वतः कॅथलिकांनीच मांडलेले आहे.

मार्च २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मंडळाने एक बंधनकारक नसलेला ठराव केला. समलिंगी जोडप्यांना मुले दत्तक देऊ नयेत असा आदेश व्हॅटिकनमधून निघाला होता. शहराने त्याचा तीव्र शब्दांत निषेध केला आणि तो मागे घ्यावा असे आवाहन केले. या ठरावानेही कोणाचे एक पैशाचे नुकसान केले नव्हते. तरीही एक कॅथलिक संघटना आणि शहरातील दोन कॅथलिक रहिवासी न्यायालयात गेले. आपल्याच शहराचे शासन आपल्या धर्माविषयी अधिकृतपणे असे बोलते, तेव्हा आपण त्या शहराचे परके नागरिक ठरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शहराचे म्हणणे असे की नुसत्या शब्दांनी इजा होत नाही. २०१० मध्ये नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने एका मताच्या फरकाने मान्य केले की अशा शब्दांनी झालेली इजा न्यायालयात येण्यास पुरेशी आहे. खटला मात्र ते हरले. ठरावाचा मुख्य हेतू दत्तकविधानाविषयीचा लौकिक हेतू होता असे मानणारे न्यायाधीश आणि मुळात न्यायालयात येण्याचा अधिकारच नाही असे मानणारे न्यायाधीश मिळून बहुमत झाले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

या खटल्याचा तर्क उलटा करून पाहावा. निषेधाचा निरुपद्रवी दिसणारा ठराव जर नागरिकाला परके करू शकतो, तर गौरवाचा ठराव त्याला आपला करू शकतो. फिलाडेल्फियात ज्यांची चर्चे जळाली, ऑरेगॉनमध्ये ज्यांच्या शाळा कायद्याने बंद करण्याचा घाट घातला गेला, त्यांच्या वंशजांच्या शाळेत संसदेचा ठराव चौकटीत लावला जातो, तेव्हा भिंतीवरचा तो कागद नागरिकत्वाची पावती ठरतो. हे मूल्य खरे आहे, आणि ते पैशात मोजता येत नाही म्हणून नाकारणे इतिहासकाराला शोभणार नाही.

पण त्या पावतीवर काय लिहिले आहे तेही वाचले पाहिजे. शाळा कॅथलिक आहेत म्हणून गौरव होत नाही. गौरव होतो तो त्या गुणवत्ता देतात, अल्पसंख्याकांना शिकवितात, कॅथलिकेतर मुलांना घेतात म्हणून. बिशपांच्या पत्रातील उताराही माणसाची प्रतिष्ठा आणि समाजाची बांधणी यांविषयीचा आहे. संस्कार, श्रद्धा, मिस्सा यांना ठरावात जागा नाही, आणि घटनेच्या चौकटीत ती असूही शकत नाही. ज्या धर्मभगिनींनी हे जाळे उभे केले त्यांनी कदाचित आपल्या कामाचे हे वर्णन ओळखलेही नसते.

तिजोरीचे दार

ठराव चालू राहिले त्याच काळात न्यायालयांनी दिशा बदलली. २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या व्हाउचर योजनेला ५ विरुद्ध ४ मतांनी मान्यता मिळाली. पैसा पालकांच्या निवडीने शाळेकडे जात असेल तर तो शासनाने धर्माला दिला असे होत नाही, हे सूत्र पक्के झाले. ३० जून २०२० रोजी मोंटानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याने खासगी शिक्षणाला साहाय्य दिलेच पाहिजे असे नाही, पण दिले तर शाळा धार्मिक आहे एवढ्याच कारणाने ती वगळता येणार नाही. न्यायालयाने आपल्या विवेचनात ब्लेन यांच्या प्रस्तावाच्या कॅथलिकविरोधी उगमाची नोंद घेतली. ठरावांच्या ‘ज्याअर्थी’तून जो इतिहास गाळला गेला होता तो निकालपत्रात उतरला. २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्याने हे तत्त्व आणखी पुढे नेले. मर्यादाही दिसली. ओक्लाहोमातील सेंट इसिडोर या प्रस्तावित कॅथलिक चार्टर शाळेच्या प्रकरणात २२ मे २०२५ रोजी ४–४ अशी समान विभागणी झाली आणि त्या शाळेला मनाई करणारा राज्य न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

भारतीय वाचकाला हा प्रवास पाहून एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यापासून आपल्याकडे अनुदानाची पद्धत रुळली, मिशनरी शाळांनाही अनुदान मिळत राहिले, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (२) ने साहाय्य देताना संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून भेदभाव करू नये असे १९५० मध्येच नमूद केले. मुंबई–वसईतील धर्मग्रामाच्या अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार शासकीय अनुदानातून होतो आणि त्याबद्दल दर जानेवारीत विधानसभेने अभिनंदनाचा ठराव करावा असे कोणास वाटत नाही. अर्थात अनुदानाबरोबर येणारे नियंत्रण, नेमणुकांवरील निर्बंध आणि त्यांतून उभे राहिलेले खटले हा आपला अनुभवही अमेरिकी कॅथलिकांनी अभ्यासण्याजोगा आहे. तेथील काही बिशपांना शासनाच्या पैशाचे भय वाटत आले आहे ते उगाच नव्हे.

लिपिन्स्की यांचे इलिनॉय हे राज्य या गोष्टीचा शेवटचा दाखला म्हणून पुरेसे आहे. १८७० चे निधिबंदीचे कलम १९७० च्या नव्या राज्यघटनेतही कायम ठेवण्यात आले. २०१७ मध्ये राज्याने खासगी शाळांतील गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी देणगी देणाऱ्यांना करसवलतीची योजना आणली. कॅथलिक शाळांतील हजारो मुलांना तिचा लाभ झाला. मुदत वाढवून द्यावी की नाही यावर २०२३ मध्ये तीव्र वाद झाला, सार्वजनिक शाळांच्या शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि विधिमंडळाने मुदतवाढ न दिल्याने ती योजना त्या वर्षाच्या अखेरीस संपली. पुढे ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या केंद्रीय करकायद्यात तशाच स्वरूपाची सवलत आली. २०२७ पासून शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्यास १,७०० डॉलरपर्यंत करातून सूट मिळावयाची आहे. हा कायदा अनेक विषयांचा मिळून होता, तेव्हा त्यावरील मते केवळ शाळांवरची मते मानता येणार नाहीत. तरी सिनेटमध्ये ५०–५० अशा बरोबरीनंतर उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने आणि प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४ मतांनी तो संमत झाला, हे आकडे बिनविरोध ठरावांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. या सवलतीत सहभागी व्हावे की नाही हा निर्णय कायद्याने प्रत्येक राज्यावर सोपविला आहे.